टीव्हीत न दिसलेलं चऱ्हाट

मु. खेतरवाडी, ता. शिरूर कासार
१६ एप्रिल २०२५

प्रिय मोहन,

धोंडीरामचा तुला रामराम, वच्छलावहिनींना नमस्कार आणि घरातल्या लहानथोरांना ज्याचं त्याला. इकडं आम्ही मजेत आहोत. विमलचे गुडघे दुखतात, पण आवाज खणखणीत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. ऊन असं तापलंय की चिमण्या हौदाच्या कडेला वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारख्या गप्प बसून असतात.

तू म्हणशील, रोज फोन होतो, मग हे पत्राचं खूळ काहून काढलं? सांगतो. फोन उचलला की तू 'हॅलो' म्हणत नाहीस, 'वाट असो वळणाची, साथ हिची भरवशाची' असं माझ्या त्या गाडीच्या जाहिरातीतलं म्हणतोस. मग मी हसतो, मग तू हसतोस, आणि मला बोलायचं असतं ते राहून जातं. पत्रात निदान तू मध्येच हसू शकत नाहीस.

बाकी मी सध्या मोठा माणूस झालो आहे. शिरूरच्या बाजारात गेलो तर कटिंगवाला आधी मला खुर्चीत बसवतो. परवा बीडच्या स्टँडवर एका बाईनं तिच्या पोराला माझ्या पाया पडायला लावलं आणि म्हणाली, "हेच ते गाडीवाले आजोबा." एसटीत कंडक्टर म्हणून एवढी वर्षं याच स्टँडवर खाकी घालून फिरलो, तेव्हा कुणी सुट्ट्या पैशांखेरीज काही मागितलं नाही. आता लोक फोटो मागतात. मी मिश्या कुरवाळत उभा राहतो. विमल म्हणते, "त्या मिश्या टीव्हीत गेल्यात ना, मंग तितंच राहू द्या. घरात आणू नका." पण खरं सांगू का, मला हे सगळं आवडतं. म्हातारपणी कुणी ओळखलं की उन्हात गुळाचा खडा मिळाल्यासारखं वाटतं.

तू परवा सांगितलंस की अक्षय्य तृतीयेला जाहिरातीतली तीच गाडी दारात येणार. वहिनींना आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिसच्या मशीनवर न्यायचं, मध्ये मांजरसुंब्याचा घाट, आणि भाड्याच्या जीपचा काही नेम नाही. तेव्हा घरची गाडी हवीच. पांढरी घे, उन्हात कमी तापते.

ती जाहिरात कशी झाली ते तुला नीट सांगितलंच नाही मी. डिसेंबरात शहरातून माणसं आली. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. गावात आम्ही म्हातारे, दुकानवाला पप्पू, आणि म्हाळू, कारण त्याचं यंदा मुकादमाशी बिनसलं म्हणून तो बैलजोडीसकट घरीच होता. त्या लोकांना आपली बोडखी टेकडी पाहिजे होती. जिच्यावर काडी उगवत नाही त्या बोडखीकडं बघून ते म्हणाले, "किती सुंदर." मला आपली चौथीची खोली आठवली. पुस्तकात ती ओढ्याची कविता, हिरवं कुरण, खळखळणारं पाणी, आणि खिडकीतून दिसायची ही बोडखी. गुरुजी म्हणायचे, डोळे मिटा, ओढा दिसेल. आपण मिटायचो, आणि दिसायचा की रे. यमकात बसलेलं सगळं खरं वाटायचं वय होतं ते. गेलंय का ते वय, असा विचार मी हल्ली करत असतो.

गाडी देखणी होती, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी पुढं काय झालं तेही लिहितो. विमल जेवायला हाक मारतेय.

१७ एप्रिल

काल जेवण झालं, झोप झाली, पण सांगायचं ते झालंच नाही. आज सकाळी एक गंमत झाली, आधी ती सांगतो.

पप्पूनं पाडव्याला तीच गाडी घेतली आहे, तू घेणार आहेस तीच. पप्पू म्हणजे माझा चुलत पुतण्या, तू त्याच्या लग्नात जेवला आहेस. सकाळी ती मारुतीच्या पारापुढं बंद पडली. किल्ली फिरवली की नुसती खोकायची. आता पाराभोवती आपलं गाव जमायला कितीसा वेळ लागतो. जीपवाला धर्मराज म्हणाला, "डिझेलात भेसळ असंल. हल्ली पंपावाले लई माजलेत." म्हाळू म्हणाला, "नजर लागली तिला. नवी नवरी अन् नवी गाडी, मीठमिरची उतरल्याबिगर भायेर काढू नये." कुणी म्हणालं, पप्पूला गिअर टाकता येत न्हाई. पप्पूसुद्धा मान हलवून म्हणाला, "व्हय, माझंच चुकलं असंल."

गाडीला मात्र कुणी बोल लावला नाही.

आणि मोहन, मागच्याच आठवड्यात त्याच पारापुढं धर्मराजची जुनी जीप बंद पडली होती. ती दुसऱ्या कंपनीची, टीव्हीत कधी न आलेली. तेव्हा हीच माणसं काय म्हणाली माहीत आहे? "भंगारात घाल बे तिला." तिथं कुणी डिझेलाचा विषय काढला नाही, कुणी नजर काढली नाही. जागा तीच होती आणि धक्का मारणारे हातही तेच होते.

मी पप्पूला बाजूला घेतलं. म्हटलं, "पप्पू, तू तर तितंच होतास रे. चऱ्हाट तुज्याच खांद्यावर होतं."

पप्पूनं बोनेटवर हात फिरवला. मग म्हणाला, "काका, वढली आपुन, ते खरं हाय. पण टीव्हीत बगा की. गेलीच ना वर."

बघ, निघून गेलंच शेवटी लेखणीतून. चऱ्हाट.

तर ऐक. त्या दिवशी गाडी बोडखीच्या निम्म्या चढावर गेली आणि तिथं अडली. चाकं जागच्या जागी फिरत होती, मुरूम मागं उडत होता. दोष गाडीचा, का चालवणाऱ्याचा, का आपल्या बोडखीचा, मला ठाऊक नाही. दोन-तीनदा खाली आणून परत चढवली, परत तिथंच अडली. उन्हं कलायला लागली तसा जाहिरातवाल्यांचा टोपीवाला साहेब घाईला आला. म्हणाला, "काका, गावात बैल आहेत का?"

म्हाळूनं बैलजोडी आणली. विहिरीवरचं जाडजूड चऱ्हाट गाडीच्या पुढं बांधलं, म्हाळूनं बैल धरले आणि पप्पूसकट चौघं माणसं दोराला लागली. म्हाळूनं शंका काढली, "सायेब, बैलं दिसतील की टीव्हीत."

साहेब म्हणाला, "ते नंतर काढून टाकता येतात."

म्हाळू घाबरला. "माझी बैलं काढून टाकणार? मंग वढील कोन?"

गाडी गेली वर. आम्ही सगळे घामाघूम, गाडी मात्र चकचकीत. पुढं जाहिरात आली तेव्हा पप्पूच्या दुकानात गाव जमलं. गाडी बोडखीवर लोण्यातून सुरी जावी तशी चढली, बैल नाहीत, चऱ्हाट नाही, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या तळहातांना दोरानं फोड आले होते, त्यांनीही वाजवल्या. म्हाळू तेवढा टीव्हीजवळ जाऊन बैलं शोधत होता. टाळ्या मीही वाजवल्या, मोहन. आपली टेकडी टीव्हीत आली की माणूस दुसरं काही बघत नाही. उसावरून परतलेल्यांना आम्ही चऱ्हाटाची गोष्ट हसत हसत सांगितली, त्यांनीही ती हसत हसत ऐकली, आणि त्यातले दोघं शोरूममध्ये जाऊन आले. 'आपल्या बोडखीवर चढली ती गाडी,' असं म्हणतात सगळे.

आता राहिलं ते माझ्या तोंडाचं. इथं मला पाणी पिऊन यावं लागलं.

मला त्यांनी वरच्या दगडावर बसवलं होतं. साहेब म्हणाला, "आजोबा, मनात येईल ते बोला, फक्त चेहरा हवाय. आवाज आम्ही नंतर घालू." मनात काय येणार? समोर गावाचं खोरं, खाली आपल्या शाळेचे पत्रे. मी ओढ्याची कविता म्हणायला लागलो, गुरुजींच्या चालीवर. दुसऱ्या कडव्याला आलो आणि थांबलो. स्नेहसंमेलनात तू तिथंच अडायचास, मी पहिला शब्द हळूच सांगायचो आणि मग दोघं मिळून पुढं जायचो. एवढी वर्षं झाली तरी मी तिथं तुझ्यासाठी थांबतो, अशी सवय लागलीय जिभेला. त्या दिवशी थांबलो, बाजूला बघितलं, तू नव्हतास. डोळे भरून आले. साहेब म्हणाला, "वा, झालं."

टीव्हीतला आवाज मुंबईच्या कुण्या गृहस्थाचा आहे. तू तर म्हणालाही होतास, "धोंड्या, टीव्हीत गेला की लई शुद्ध बोलाया लागला." मी हसण्यावारी नेलं. मोहन, 'भरवसा' हा शब्द मी त्या दिवशी तोंडातून काढलाच नाही. त्या गाडीत मी बसलो तो फक्त फोटोपुरता, इंजिन बंद असताना. ती पळते कशी, घाटात दमते का, उन्हात तापते का, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नाही. ती वाईट आहे असंही मी म्हणत नाही. पप्पूची दुपारी आपणहून सुरू झाली आणि शिरूरला जाऊन आली. चांगलीही असेल. पण ते माझ्या तोंडाकडं बघून ठरवू नकोस.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. बाजारातल्या अनोळखी माणसांना काय सांगायचं, आणि पप्पूनं तर डोळ्यांनी बघून घेतली. पण मागच्या फोनवर वहिनींनी तुझ्या हातातून फोन घेतला आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, टीव्हीत तुमच्या डोळ्यात पाणी आलंय. ते काय कुणी सांगून येतं? मी यांना सांगितलंय, दुसरी गाडी बघायची न्हाई." मी 'बरं' म्हणालो. ते 'बरं' मागं घ्यायला हे पत्र लिहायला बसलो.

वहिनी माझ्यावर विसंबतात त्याचं कारण तुला माहीत आहे. नेकनूरच्या थांब्यावरची गोष्ट. तुमचा थोरला कडेवर, हातात पिशवी, एक पाय पायरीवर, आणि ड्रायव्हरनं गाडी हलवली होती. मी दोरी ओढून एक घंटी दिली आणि गाडी जागेवर थांबली. त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, मगच मी दोन घंट्या दिल्या. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चला, हे एसटीतलं लहान पोरालाही कळतं. तेव्हापासून वहिनी सगळ्यांना सांगतात, धोंडीराम भाऊजींनी घंटी दिल्याबिगर गाडी हलत न्हाई.

आता त्यांचा पाय परत पायरीवर आहे. मशीनचा वार चुकून चालत नाही. घाटात गाडी थांबली तर तिथं ना बैलजोडी असेल ना टोपीवाला साहेब. आणि माझ्या तोंडानं कुणीतरी परस्पर दोन घंट्या देऊन टाकल्यात.

म्हणून असं कर. शोरूमवाले गाडी चालवून बघायला देतात म्हणे. पत्र पोचायला वेळ लागेल, तेव्हा पुढच्या रविवारी, २७ तारखेला, ती घेऊन वहिनींसकट इकडं ये. येताना मांजरसुंब्याच्या घाटात ती चढवून, उतरवून, परत चढवून बघ, आणि वहिनींना मागच्या सीटवर दणके बसतात का ते विचार. त्यांना विमलपाशी बसवू, ती बिनमिठाचे धपाटे करणार आहे. विमल म्हणते, बिनमिठाचे तर बिनमिठाचे, पण गप्पा तिखट करू. तोवर आपण दोघं गाडी घेऊन बोडखीकडं जाऊ. चऱ्हाट मी म्हाळूच्या गोठ्यात खुंटीला टांगून ठेवायला सांगितलंय. 'कुणीबी मागितलं तरी देऊ नको' म्हटल्यावर तो म्हणाला, "अन् बैलं?" बैलंही बांधून ठेव म्हटलं. धर्मराजची जीपही तिथं आणतो. एकदा तीही चढवून बघू, टीव्हीत आली नाही म्हणून काय झालं.

जी गाडी आपल्या पायानं वर जाईल, ती घे. कुठलीच गेली नाही तर आपण दोघं पायी जाऊ, हळूहळू का होईना. वर तो दगड आहे. मी पहिलं कडवं म्हणेन आणि थांबेन. दुसरं कडवं तू म्हणायचंस. अडलास तर पहिला शब्द मी सांगेन, त्यात काही बदललेलं नाही.

वहिनींना हे पत्र वाचून दाखव, मिश्यांचा भाग गाळलास तरी चालेल. त्यांना सांग, टीव्हीतलं डोळ्यातलं पाणी खरं आहे, पण ते गाडीसाठी आलेलं नव्हतं. ते कुणासाठी होतं ते तू सांग, मला लिहायला लाज वाटते.

रविवारी वाट बघतो. तोवर माझी एकच घंटी.

तुझा,
ज्याचा आवाज तुला ओळखीचा आहे तो,
धोंड्या