ट्रकच्या जागी कार

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

फोन वाजलाच नाही, तर चूक कोणाची — गाडी चालवणाऱ्याची, की त्यात रस्ता दाखवणारं, वेग वाढला की वाजणारं ॲप लावून देणाऱ्याची?

उखाकाकांचा ट्रक सुरतेच्या रस्त्यावर वेगाच्या कॅमेऱ्यात सापडला. महिन्यात तिसऱ्यांदा. हेमकांतशेठनी ऑफिसातच किल्ली काढून घेतली, घरी बसायला सांगितलं. वीस वर्षांपासूनचा ड्रायव्हर! काका एवढंच म्हणाले, "ते वाजनंच नही, शेठ."

शेठनी मला विचारलं, ॲप नीट लावलं होतंस ना? मी न बघताच हो म्हटलं. वर हेही — ड्रायव्हर लक्ष देत नाहीत.

बुधवार, ५

जेवण गेलं नाही. आईला वाटतं, काम फार.

शुक्रवार, ७

काकांच्या गाडीतला फोन ऑफिसातच पडून होता. आज उघडला. वाहनाचा प्रकार — कार! मीच केलं होतं. ट्रक निवडला की ॲप लांबचा वळसा दाखवायचं, ड्रायव्हर कुरकुरायचे. म्हणून नऊही गाड्यांवर कार. केवढी हुशार वाटले होते स्वतःला! पण मग वेगाची मर्यादाही कारचीच. ट्रकला साठ असेल तिथे ऐंशीपर्यंत फोन गप्प. कॅमेऱ्याचा इशाराही नाही.

काकांना वाचता येत नाही. मीच शिकवलं होतं — वाजलं की हळू, गप्प असलं की बिनधास्त. दुसरे ड्रायव्हर अनीसभाई म्हणाले होते, घरवालीपेक्षा बरं, कारण असेल तरच बोलतं. सगळे हसले, मीही. काकांचा स्वतःचा अंदाज होता. तो मी मोडला. घरातली पहिली पदवीधर!

बाकीच्या आठ गाड्या आत्ताही रस्त्यावर आहेत. सांगितलं तर माझी नोकरी जाईल. सांगितलं नाही.

शनिवार, ८

काका आले होते, केबिनमधली चादर न्यायला. रागावतील असं वाटलं. उलट म्हणाले, "मन्हीच चूक व्हई, पोरी. तू त शिकेल शे." शिकलेली, म्हणून चूक माझी असणारच नाही.

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. चहा!

सोमवार, १०

सकाळी आठही ड्रायव्हरांना फोन केले. गाडी बाजूला घ्यायला लावली, एकेकाकडून 'ट्रक' करून घेतलं. मग शेठ आहेत त्या ग्रुपवर माझ्या आवाजात मेसेज टाकला, ऑफिसातल्या मराठीत नाही, घरच्या बोलीत — "चूक उखाकाकानी नही, मन्ही शे."

शेठनी ऐकला आहे.