बाबांबरोबर चालायला कोणी जायचं

आई, आज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारताना मला तुझा राग आला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, बाबा तर तुझ्याही आधी गेले, आणि पन्नाशी ओलांडलेली मी वॉचमनच्या केबिनला वळसा घालता घालता अजून तुझ्यावर धुसफुसते आहे. राग म्हणणंही खोटंच. हेवा वाटला.

दहिसरच्या चाळीत बाबांना साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी भात बंद केला आणि रोज संध्याकाळी चालायला सांगितलं. आपण कोकणातली माणसं, भाताशिवाय जेवण म्हणजे बाबांना शिक्षाच. तू शेजारच्या काकूंकडून ज्वारीची भाकरी थापायला शिकलीस आणि बाबा ती माशाच्या कालवणात बुडवून, तोंड वाकडं करून गिळायचे. चालायला मात्र हौसेने निघायचे, कारण सोबत मी असायचे. तूच धाडायचीस मला, त्यांच्यावर लक्ष ठेवायला. स्टेशनजवळच्या फरसाणवाल्याकडे त्या वेळी गरम जिलबी निघायची. बाबा म्हणायचे, "तू खा गं, मी नुसता बघतो," आणि माझ्या हातातली अर्धी त्यांच्या तोंडात जायची. घरच्या गोंगाटात वाट्याला न येणारे बाबा तिथे मला अख्खे मिळायचे.

मग दवाखान्यात बाबांची तपासणी झाली. नळीतलं निळं औषध लघवी घालून उकळल्यावर पार विटकरी झालं, म्हणजे साखर चांगलीच वाढलेली. घरी आल्यावर तू ओरडली नाहीस. माझ्या फ्रॉकवरचा वाळलेला पाक नखाने खरवडलास आणि म्हणालीस, "उद्यापासून तू घरी बस. मी जाते ह्यांच्याबरोबर." नवरा-बायकोने दोघांनीच फिरायला जायची आपल्या घरात पद्धत नव्हती. आजीसमोर तू बाबांशी धड बोलायचीही नाहीस. पण डॉक्टरांपुढे आजीचाही इलाज नव्हता. "डाक्टरान सांगल्यान ना? मगे जा," ती लेकाच्या काळजीने म्हणाली. "पण माझ्या झिलाक दुकानाकडे फिराक दिव नको."

मी गॅलरीत उभी आहे. तू आत पातळ बदलतेस, बाबा जिन्याखाली थांबलेत, घाई कर असं एकदाही म्हणत नाहीत. चाळ संपेपर्यंत तू त्यांच्या मागून चालतेस. नाक्यावर बाबा थांबतात, तू बरोबरीला येतेस, आणि हसतेस. तसं हसताना आमच्या खोलीत मी तुला कधी पाहिलेलं नाही. एकदा मी पण येते म्हणून जिन्यात रडत बसले, तर बाबा म्हणाले, "तुला कुठे साखर आहे गं?" तुम्ही दोघं हसत निघून गेलात. त्या दिवशी देवापुढे हात जोडून मी साखर मागितली. पुढच्या तपासणीला औषध निळंच राहिलं. माझ्याबरोबर वाढलेली साखर तुझ्याबरोबर उतरली, हेच मला जास्त झोंबलं.

देवाने माझं ऐकलं, फक्त फार सावकाश. गेल्या महिन्यात मला साखर निघाली. भात कमी करा, रोज चाला, असं डॉक्टर सांगत होते आणि मी शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडे बघत होते. खरं सांगते, मला आनंद झाला. घरी आल्यावर हे म्हणाले, "खालीच मार ना फेऱ्या, लाइट असतात." माणूस वाईट नाही. माझ्यासाठी स्वतःही भात सोडला त्यांनी. पण चालायचा कंटाळा. आज कपडे बदलून खाली उतरले आणि उगीचच जिन्यापाशी जरा थांबले. लहानपणी बाबांवरून तुझा हेवा वाटायचा. आता, तुझ्यासाठी जिन्याखाली कोणीतरी थांबायचं, याचा वाटतो.

हे पत्र टाकायचं तरी कुठे. कपाटात साडीखाली ठेवून देईन. एक राहिलंच. फेऱ्या झाल्यावर मी गेटबाहेर जाऊन जिलबी घेतली. अर्धी खाल्ली, आणि उरलेली अर्धी हातात धरून तिथेच उभी राहिले. ह्यांना सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हते.