दुरुस्ती पत्रातूनच

॥ श्री ॥
पिरावाडी, आचरा
१८ जून २००३

चि. कु. दिव्या हिस गुरुदासकाकाचे अ. उ. आ.

"मुंबईत नकोशा झालेल्या वस्तूंनी ज्यांची घरं भरली, अशा माझ्या आचरेकर बंधुभगिनींनो!" परवा वाचनालयात मी भाषणाची सुरुवात अशी केली आणि इतक्या टाळ्या पडल्या की छपरावरच्या पावसाचा आवाज बुडाला. दुखणं सगळ्यांचंच होतं. कोणाच्या घरी मुलानं पाठवलेला फ्रिज आहे, त्यात आता गोधड्या ठेवतात. कोणाच्या पडवीत जावयाचा सोफा आहे, त्याच्यावर कोंबडी बसते. जे मुंबईत चालत नाही ते गावी चालेल, हा सिद्धांत कोणत्या शास्त्रज्ञानं मांडला, असा सवाल मी टेबलावर मूठ आपटून केला. तेवढ्यात पुढच्या रांगेत बसलेली तुझी काकी पदर तोंडाला लावून हसू लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तुझ्या कंपनीनं मोडीत काढलेला आणि तू मे महिन्यात मोठ्या प्रेमानं आणून बसवलेला कॉम्प्युटर माझ्याच घरात आहे, आणि गेल्या आठवड्यापासून बंद आहे.

लक्षणं सांगतो. बटण दाबलं की पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो आणि पेटीतून लांबलचक शिट्टी येते. ती थांबते, पुन्हा येते. वासराला हाक मारणाऱ्या गाईचा आवाज यापेक्षा गोड असतो.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या बाबाकडे तू रस्त्याकडची पडवी मागितलीस, नोकरी सोडून इथे येऊन कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान घालायचं म्हणालीस, ते त्याच्या, म्हणजे आमच्या काशीरामच्या, घशाखाली उतरलेलं नाही. बर्फवाल्या गंगारामला त्याच पडवीत मासळीसाठी बर्फाचा डेपो हवा आहे. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातील, त्याच्या आत तो उत्तर मागतो. वाचनालयाच्या पायरीवर काशीराम सगळ्यांदेखत म्हणाला की हिनं स्वतः आणलेलोच मशीन बसलो, ही लोकांचे काय उठवतली? मला राहवलं नाही. मी म्हटलं, माझी पुतणी भांडुपात बसून नुसत्या पत्रानं हे यंत्र उठवील. यावर तो म्हणाला की डॉक्टर काय पत्रातसून सुई मारता? पण मग त्यानं शब्दही दिला. पौर्णिमेच्या आत मशीन धड चाललं, तर पडवी तुझी. नाही चाललं, तर गंगारामची. तू यायचं नाही, दुसरा मेकॅनिक आणायचा नाही, दुरुस्ती पत्रातूनच.

तुझ्या आईनं दोन्ही बाजूंना होय म्हणून ठेवलं आहे. टपालाला उशीर करू नकोस. आशीर्वाद पाकिटात जास्तच घातले आहेत.

तुझा,
गुरुदासकाका


भांडुप, मुंबई
२४ जून २००३

ती. गुरुदासकाका आणि ती. सौ. नर्मदाकाकी यांस शि. सा. न. वि. वि.

पैज तुम्ही लावायची आणि परीक्षा मी द्यायची, हे बरं आहे! आणि काका, तो कॉम्प्युटर म्हातारा आहे, निकामी नाही. तुम्हीही साठी ओलांडलीत, म्हणून वाचनालयानं तुम्हाला अडगळीत टाकलं का? उलट चिटणीस केलं.

त्या शिट्टीला अर्थ असतो. लांब शिट्टी पुन्हापुन्हा येते, म्हणजे मेमरीची पट्टी नीट लागत नाही. समुद्राच्या हवेत तिच्या दातांवर मळ धरतो. आधी वायर भिंतीतून काढा. मागचे स्क्रू सोडून डाव्या बाजूचं झाकण सरकवा. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली वीज उतरते. बोटभर रुंदीची हिरवी पट्टी दिसेल, तिच्या दोन टोकांना पांढऱ्या खिट्ट्या आहेत. खिट्ट्या बाहेर दाबल्या की पट्टी वर येईल. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात आहेत, ते पेन्सिलीच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा. पुन्हा बसवताना दोन्ही खिट्ट्या टक्क वाजून आत आल्या पाहिजेत.

बाबांना सांगा की पत्रातून सुई मारता येत नाही, पण कुठे मारायची ते सांगता येतं. आणि काका, मी हट्ट म्हणून हे करत नाही. मे महिन्यात आचऱ्याला होते तेव्हा पोस्टाजवळच्या झेरॉक्सवाल्यानं बंद पडलेली पेटी चादरीत बांधून एस.टी.त मांडीवर घेतली आणि कुडाळला नेली. पोचेपर्यंत त्यातलं आणखी काहीतरी सुटलं. मी इथे दिवसभर दुसऱ्यांच्या दुकानातली यंत्रं उघडते. तिथे एक उघडं दुकान असलं तर काय बिघडेल?

काकीच्या हातची सोलकढी आठवते. ती पत्रातून पाठवता येत नाही, हे मात्र बाबांचं खरं.

आपली,
दिव्या


पिरावाडी, आचरा
२ जुलै २००३

चि. कु. दिव्या हिस अ. उ. आ.

विजय! खोडरबरानं राज्यक्रांती केली! पट्टी काढली, दात घासले, खिट्ट्या टक्क वाजल्या, पडदा उजळला. मी तिथेच उभा राहून छोटंसं भाषण केलं. श्रोत्यांत तुझी काकी आणि मांजर होतं, त्यातलं मांजर शेवटपर्यंत बसलं.

पट्टी परत बसवण्याआधी मी तुझ्यापेक्षा एक पाऊल पुढे गेलो, हे अभिमानानं कळवतो. खाऱ्या वाऱ्यावर आपल्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय आहे. कोयता, विळी, कुलूप, सगळ्याला खोबरेल. तेव्हा त्या सोनेरी दातांनाही मी बोटानं खोबरेल चोळलं. आता गंज धरायची हिंमत होणार नाही.

पण एक नवंच दुखणं उपटलं आहे. रोमन साम्राज्य एका संध्याकाळी कोसळलं नाही, हे यंत्र मात्र रोज संध्याकाळी कोसळतं. सकाळी तुझी काकी माझी भाषणं टाइप करते तेव्हा शहाण्यासारखं चालतं. (ती टाइप करताना माझी विशेषणं गाळते, त्याचा निषेध इथेच नोंदवतो.) संध्याकाळी मात्र न सांगता काळं होतं. काशीराम त्या वेळी हटकून हजर असतो. काल म्हणाला की धोंडूचो रेडो बरो, तो बसलो तरी शेपटी पिळल्यावर उठता. गंगाराम पडवीचं माप घेऊन गेला. शिवाय पेटीत मुंग्या झाल्या आहेत, त्याचं कारण कळत नाही.

आशीर्वाद नेहमीचेच, घाई मात्र जास्त.

तुझा,
गुरुदासकाका


भांडुप, मुंबई
९ जुलै २००३

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

काका, खोबरेल? मेमरीला? तुमचं पत्र मी कामावर मोठ्यानं वाचलं आणि दोन मेकॅनिक खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन हसले. मुंग्यांचं कारण तुमच्या बोटाला विचारा. आता डॉक्टरकडे इंजेक्शनच्या आधी लावतात ते स्पिरिट आणा, स्वच्छ कापडानं ते दात पुसा, वाळू द्या, पुन्हा खोडरबर फिरवा आणि बसवा. यापुढे त्या पेटीला तेल, हळद, कुंकू काहीही लावायचं नाही. दसऱ्यालासुद्धा फूल झाकणावर, आत नाही.

संध्याकाळचं दुखणं वेगळं आहे, तेलामुळे नाही. त्याची मला काळजी वाटते, कारण पौर्णिमा जवळ आली आणि इतक्या लांबून मी फक्त विचारू शकते. म्हणून एक विनंती, रागावू नका. या वेळी उत्तर काकीनं लिहावं. तुमच्या पत्रात मला रोम सापडतं, रेडा सापडतो, यंत्र सापडत नाही.

काकी, एवढं बघ. आत उभ्या छोट्या नळकांड्या आहेत, त्यांची डोकी सपाट आहेत की फुगलीत? पंखा सगळा वेळ फिरतो का? संध्याकाळी दिवे मंद होतात का? बंद पडल्यावर थोडा वेळ तसंच ठेवलं तर आपोआप बरं होतं का? पेटीला हात लावून बघ आणि वास घे. शिवाय सकाळी नसतं असं संध्याकाळी त्याच्या आसपास काय असतं? क्षुल्लक वाटलं तरी लिही.

तुम्हा दोघांची, आणि सध्या झोप उडालेली,
दिव्या


पिरावाडी, आचरा
१६ जुलै २००३

चि. कु. दिव्या हिस काकीचा आशीर्वाद.

तू मला लिहायला सांगितलंस म्हणून हे सकाळपासून फुगून बसले आहेत. तुझ्या नळकांड्या मात्र फुगलेल्या नाहीत, सगळ्यांची डोकी सपाट आहेत. स्पिरिटनं पुसून घेतलं, मुंग्या गेल्या. पंखा फिरतो. दिवे थोडे मंद होतात, पण शेजारच्या सावित्रीकडचा टीव्ही चालू राहतो. तासभर तसंच ठेवलं की पुन्हा सुरू होतं.

पेटीला हात लावला तर भाकरीच्या तव्यासारखी. सकाळी एवढी तापत नाही. वास जळकट नाही, सोड्यांचा येतो. तो येणारच. काशीराम भावजी संध्याकाळी येतात तेव्हा फडक्यात बांधलेले कोळंबीचे सोडे आणतात. उन्हाळ्यात चांगले कडक वाळवलेले, आता पावसात मऊ पडलेत. पेटीच्या मागून छान गरम वारा येतो, तिथे ते गाठोडं भिंतीशी नीट दाबून ठेवतात. मग बसतात, तुझ्या मशीनची टिंगल करतात आणि जाताना गाठोडं घेऊन जातात. मीही अधूनमधून आगपेटी ठेवते, पण ती वर ठेवते.

सोडे कोणासाठी ते दिव्याला कळवू नको, असं त्यांनी मला बजावलं आहे, म्हणून मी कळवत नाही. मुंबईला कोणी जाणारं आहे का, असं ते वाडीत विचारत असतात, एवढंच सांगते.

इतर क्षेम. तू जेवतेस ना वेळेवर? तुझ्या आवाजाशिवाय घर मोठं वाटतं.

तुझी,
काकी


भांडुप, मुंबई
२२ जुलै २००३

ती. काका-काकींस शि. सा. न. वि. वि.

काकी, तू या सगळ्यात हुशार मेकॅनिक! दुखणं सापडलं. मागून जो गरम वारा येतो, तो त्या यंत्राचा श्वास आहे. आतली उष्णता तिथून बाहेर पडते. तिथे गाठोडं दाबून बसवलं की उष्णता आतच कोंडते आणि यंत्र जीव वाचवायला स्वतःला बंद करतं. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, मागची जाळी कोरड्या कुंचल्यानं झाड, आणि तिथे काही ठेवू देऊ नकोस. सोडे चुलीवरच्या शिंक्यात टांग.

काका, आता तुमच्याशी. पत्र वाचता वाचता तुम्ही उभे राहिला असाल. खाली बसा. उद्या वाचनालयात हे बोलायचं नाही. पैज जिंकल्याचंही नाही आणि सोड्यांचं तर मुळीच नाही. मला पडवी हवी आहे, खूप हवी आहे. पण माझ्यासाठी सोडे सुकवणाऱ्या माणसाला वाडीसमोर हसं करून नको. बाबा मग शब्द पाळतील, पण माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. तसं दुकान घेऊन मी काय करू? तुम्ही गप्प राहिलात तर मी जन्मभर तुमची भाषणं टाइप करीन, एकही विशेषण न गाळता.

तुमच्या जिभेवर विसंबून असलेली,
दिव्या


पिरावाडी, आचरा
४ ऑगस्ट २००३

चि. कु. दिव्या हिस अ. उ. आ.

मी बोललो नाही. हे वाक्य माझ्या पत्रात कधी येईल असं मला वाटलं नव्हतं. शनिवारच्या सभेत मी बाजारभाव, बंदर आणि प्राचीन ग्रीस या विषयांवर बोललो आणि पाणी पिऊन खाली बसलो. लोकांना वाटलं माझी प्रकृती बरी नाही. सत्यवती डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी घरी येऊन नाडी बघून गेल्या.

तुझ्या काकीनं पेटी पुढे ओढली आणि काशीराम आला तसं त्याच्या हातातलं गाठोडं घेऊन चुलीवर टांगलं. यंत्र चालू राहिलं. काशीराम टिंगल तयार ठेवून बसला होता, ती करायची वेळच येईना. त्यानं एकदा पेटीच्या मागे पाहिलं, एकदा शिंक्याकडे पाहिलं, आणि चहा अर्धा टाकून उठला. पुढे चार-पाच दिवस फिरकला नाही. आम्ही दोघंही धास्तावलो.

काल वाचनालयाच्या पायरीवर तो आपणहून उभा राहिला. माझ्यासारखी सुरुवातबिरुवात केली नाही. म्हणाला की मशीन बरो होतो, माझेच सोडे त्याच्या नाकात गेले, माझ्या चेडवान भांडुपात बसान वास घेतल्यान. वाडी पोट धरून हसली आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. दिव्या, मी तीस वर्षं भाषणं करतो आहे. तिथे मला कळलं की माझं एकही भाषण त्याच्या या तीन वाक्यांच्या जवळपास जात नाही. गंगारामला त्यानं बंदरावर जागा बघून दिली आहे.

परतताना वाटेत त्यानं खरी गोष्ट सांगितली. दुकान चालेल का, ही त्याला भीती कधीच नव्हती. आपल्या वाडीतून सगळे मुंबईला जातात. तिकडून बॅग घेऊन कोणी परतलं, की लोक म्हणतात नोकरी सुटली असणार. त्याच्या मुलीला कोणी तसं विचारलेलं त्याला सहन होणार नव्हतं, म्हणून तो पडवी अडवून बसला होता. यावर मी समाजाच्या मनोवृत्तीबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाला की तू गप रव, माका पाटी व्हयी. तू एस.टी.तून उतरायच्या आधी दुकानाची पाटी लागलेली पाहिजे, म्हणजे लोकांनी विचारायच्या आत पाटीच उत्तर देईल. त्यानं होडी रंगवणाऱ्या दत्तारामला बोलावलं आहे. फळी तासून झाली, पांढरा हात मारून झाला. पाटीवर बापाचं नाव घालायचं का, असं दत्तारामनं विचारलं. काशीराम त्याच्यावर खेकसला, की दुरुस्ती काय मी करतलंय?

म्हणून पुतणीबाई, राजीनामा, सामान, तिकीट हे सगळं मागाहून. आशीर्वाद तर तुला तोंडीच देईन, इतके दिवस गप्प राहून ते साठले आहेत. आज एकच काम कर. पाटीवर काय लिहायचं, ते तुझ्या नावासकट, तुझ्या अक्षरात, एका कार्डावर लिही आणि उलट टपालानं पाठव. दत्ताराम रंग कालवून पडवीत बसला आहे.

तुझा,
गुरुदासकाका