पहिल्या पानावर मेलेली आई

बेगिमाय,

शोर्पो, मटणाचा रस्सा, चुलीवर झाकून ठेवलाय, गरम करून खा. काल रात्रीही तू जेवली नाहीस. मी दुकानावर जातेय, अंधार पडायच्या आत येईन. बाबाचा फोन आला तर त्याला यातलं काही सांगू नकोस. खिंडीत ट्रक चालवताना त्याचं डोकं फिरायला नको.

सकाळी वाचनालयात जाऊन ते जगबुडीचं पुस्तक परत केलं. फळ्यावर लावलेली पोरांची मतं वाचली. 'आई पहिल्याच पानावर मरते ते बरं झालं, नाहीतर गोष्ट रेंगाळली असती.' 'रडारड नाही म्हणून आवडली.' त्यांत तुझा कागद: 'आईला पुरल्यावर त्याच संध्याकाळी गोष्टीतल्या मुलीला भूक कशी लागते?' आणि त्याखाली कोणीतरी खरडलेलं, 'तूही जा तुझ्या आईच्या कबरीत.'

वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "मुलं आहेत हो, गंमत करतात."

मी म्हटलं, "मेलेल्या बाईवर थुंकायचं आणि त्याला गंमत म्हणायचं?"

ती ओळ कात्रीने कापून बाईंच्या टेबलावर ठेवली. तुझा कागद मात्र काढू दिला नाही. शेजारी माझंही मत लावलंय: 'पुस्तक अर्ध्यात टाकलं. बेगिमायने विचारलं त्याचं उत्तर यात कुठेच नाही.'

खाली नाव घालताना बाईंनी विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?" तुझ्या बाबाशी लग्न करून या घरात आल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी 'बेगिमायची आई' असं लिहिलं.

तुला रुचलं नाही तर सांग. उद्या जाऊन ते खोडून नुसतं माझं नाव, झूरा, लिहून येईन.