जुना जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही

मंगळवार, दुपारी सव्वातीन

प्रिय मेहुणेबुवा,

तुमच्या दाजींचा नमस्कार घ्यावा. उभयता कुशल असाल असं गृहीत धरून लिहितो, कारण नसतात तर तुमच्या ताईला फोनवर कळलं असतं आणि मला ते तिच्याकडून चहाबरोबर मिळालं असतं. वहिनींची कंबर आता कशी आहे? छापखान्यातलं तुमचं नवं मशीन सुरू झालं की अजून उद्घाटनाच्या फुलांसकट उभंच आहे? मी ठीक आहे. (एक दाढ हलते, पण ती तीन वर्षं हलतेच आहे, तेव्हा तिचं काही विशेष मानू नये.) तुमची ताई प्रकृतीने उत्तम आहे. मनाने कशी आहे, ते पुढे ओघात येईलच.

ताईच्या कॉम्प्युटरचं काम कुठवर आलं, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत आणि मी ‘प्रगतिपथावर आहे’ एवढं बोलून फोन तिच्या हातात दिला. मेहुणेबुवा, चौतीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलेला माणूस ‘प्रगतिपथावर’ म्हणाला, की समजून घ्यायचं, काहीतरी सापडत नाहीये. सविस्तर बोललो असतो, पण फोन आहे तो ती बसते त्याच खोलीत. म्हणून हा पत्राचा खटाटोप.

ती जो खेळ खेळते तो तुम्हाला ठाऊक आहेच, तरी कागदावर असावं म्हणून थोडक्यात लिहितो. पाच जण मिळून किल्ला राखतात आणि दुसरे पाच जण तो पाडायला येतात. आपल्या बाजूला एक बसड्रायव्हर (हा कॅप्टन), दोन नर्स, एक निवृत्त न्यायाधीश (हे फार लवकर मरतात) आणि तुमची ताई. ती बुरुजावर बसून शत्रू कुठून येतोय ते सांगते. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेली बाई. कानाला हेडफोन लावून चार घाबरलेल्या माणसांना एकाच वेळी थंड डोक्याने मार्गी लावणं हा तिच्या हातचा मळ. पण तिचा जुना कॉम्प्युटर ऐन लढाईत अडकायला लागला. ही बुरुजावर खांबासारखी उभी, आणि शत्रू हिच्या शेजारून जिना चढून वर. असं दोनदा झालं. तेव्हा कॅप्टनने नम्रपणे पण स्पष्ट सांगितलं, की येत्या रविवारी दुपारी चारला उपांत्य सामना आहे. त्यात ताई तिसऱ्यांदा अडकल्या तर त्यांची जागा प्रतीक्षायादीतल्या दंतवैद्याला द्यावी लागेल. ही जागा तिने तीन वर्षं खेळून मिळवली आहे. त्या दंतवैद्याला, ती सांगते, डावं-उजवं कळत नाही.

महिन्यापूर्वी ती माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, अहो, मला नवा कॉम्प्युटर जुळवून द्याल का? लग्नाला छत्तीस वर्षं झाली, या बाईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. (एकदा पडदे मागितले होते, पण मी विचार करीपर्यंत तिने आणून लावलेसुद्धा.) आणि मला निवृत्त होऊन अकरा महिने झाले, त्या अकरा महिन्यांत माझ्याकडेही कोणी काही मागितलं नव्हतं. मी उठलो आणि सदरा बदलला.

आता तुमचा सल्ला. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, ‘दाजी, आधी मदरबोर्ड ठरवा, बाकीचं सगळं त्याच्यावर बसतं.’ तो सल्ला मी नोंदवून घेतला आहे, तारीख घालून. परंतु भांडाराला स्वतःचा एक क्रम असतो, आणि तो वर्णानुक्रम असतो. सुटे भाग सहा. कॅबिनेट, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम. मदरबोर्ड पाचवा येतो, त्याला मी काय करणार? कपड्यांच्या कपाटातला मधला कप्पा रिकामा केला (माझे लोकरीचे कपडे सध्या तुमच्या ताईच्या पुस्तकांवर आहेत), नोंदवही आखली आणि तिला सांगितलं, प्रत्येक वस्तूसाठी वेगळं मागणीपत्र, तीन प्रतींत. तिने मुकाट्याने भरलं. ‘मागणीचे कारण’ या रकान्यात तिने लिहिलं, ‘धावताना चित्र थांबते व मी मरते.’ मी शेरा मारला, ‘कारण सबळ. मान्य.’

शिवाय आमच्या भांडाराच्या दारावर चौतीस वर्षं एक पाटी होती, जुना जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही. हा नियम नसता, तर कारखान्यातल्या प्रत्येक फिटरच्या घरी आज सहा-सहा पाने निघाले असते. तेव्हा ती एकेक मागणीपत्र घेऊन यायची, जुन्या कॉम्प्युटरमधला तो भाग उपसून ताटलीत ठेवायची, मी पोच द्यायचो. पॉवर सप्लाय जमा झाला तेव्हा कॉम्प्युटर अर्थातच बंद पडला. आता सराव कशावर करू, असं तिने विचारलं. सरावाचा उल्लेख मागणीपत्रात कुठेही नव्हता, हे मी तिच्या निदर्शनास आणलं. ती पुढचं मागणीपत्र भरायला गेली.

कॅबिनेट मी स्वतः निवडलं. टेबलाखालची जागा तीनदा मोजली आणि तिथे बेताचं बसेल असं, जाड पत्र्याचं घेतलं. मग ग्राफिक्स कार्ड. ते घेताना तिने सांगितलेलं सगळ्यात दमदार घेतलं, कारण चित्र अडकतं ते याच्यामुळे, हे तुम्हीच सांगितलं होतंत. घरी आणून लावलं तर नाकापेक्षा मोती जड. कार्ड पेटीहून चार बोटं लांब. मी काही हातपाय गाळले नाहीत. कोपऱ्यावरच्या पत्रेवाल्याकडे पेटी नेली आणि समोरून एक खिडकी कापून घेतली. त्याने हौसेने वरती छोटी पावसाळी झडपही लावून दिली आहे. पॉवर सप्लाय मी वजनावर घेतला. दोन्ही हातांत दोन धरले आणि जड होता तो उचलला. दुकानातल्या बाई चकित होऊन म्हणाल्या, काका, हा अगदी बरोबर निवडलात! (हे वाक्य नीट वाचून घ्यावं, पुढे असं वाक्य नाही.)

माशी शिंकली ती प्रोसेसरपाशी. बाईंनी विचारलं, कुठल्या मदरबोर्डवर बसवणार? म्हटलं, तो पाचवा आहे, आपण चौथ्यावर आहोत. त्यांनी पुन्हा विचारलं. बाई हुशार आहेत, पण क्रम सोडून बोलतात. शेवटी त्यांनी वेगवान असा एक प्रोसेसर दिला आणि चार वेळा बजावलं, जुळला नाही तर सात दिवसांत आणा, आठव्या दिवशी मी काही करू शकणार नाही. मी होकार दिला. आता तुम्हाला माहीत नसेल, पण भांडारात आलेला माल पंधरा दिवस तपासणीसाठी बंद ठेवावा लागतो. फोडायचा नाही, हलवायचा नाही, त्याने स्वतःहून काही दोष दाखवला तर पाहायचं. प्रोसेसरने पंधरा दिवसांत कपाटात कसलाही दोष दाखवला नाही.

सोळाव्या दिवशी मदरबोर्ड आणला. तो मुद्दाम दुसऱ्या दुकानातून आणला, कारण सगळा माल एकाच दुकानातून घेतला की लोक बोलतात. (कोण बोलतात, असं तुमच्या ताईने विचारलं. लोक.) बोर्ड देखणा आहे, काळाभोर, खाचा भरपूर. टेबलावर स्वच्छ चादर अंथरली, चष्मा पुसला, ताईला शेजारी बसवलं आणि प्रोसेसर त्याच्या जागेवर ठेवला. मेहुणेबुवा, त्याची जागा ती नव्हतीच. हा एका घराण्याचा, तो दुसऱ्या. चौकट वेगळी, खाचा वेगळ्या, सगळंच वेगळं. मी जोर लावला नाही. (थोडा लावला.) मग छत्री घेऊन तसाच बाईंकडे गेलो. मुदत संपून नऊ दिवस झाले होते. त्यांनी मला पाणी दिलं. दुसऱ्या दुकानदाराने बोर्डाचं सील फुटलेलं पाहिलं आणि पाणीही दिलं नाही. रॅम तेवढी त्या बोर्डात पटकन बसली. एकटीच बसून आहे.

तुम्ही म्हणाल, जुने भाग तर आहेत ना, ते पुन्हा लावा आणि रविवार साजरा करा. मलाही तसंच वाटलं असतं. पण जमा झालेला माल कोणी गुपचूप पुन्हा वापरात आणू नये, म्हणून तो निकामी करायचा असतो. हा माझा नियम नाही, माझ्या आधीच्या भांडारपालांचा आहे, ते आता हयात नाहीत. मी प्रत्येक भागाला ड्रिलने मधोमध एक भोक पाडलं. सुबक पाडलं. नंतर भंगारवाला आला आणि घेऊन गेला. म्हणजे आज मंगळवार, सामना रविवारी, जुना आहे तो भंगारात, नवा आहे तो कपाटात, आणि तेलही गेलं, तूपही गेलं अशी माझी गत झाली आहे.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ‘असू द्या’ म्हणाली. तुम्ही तिचे सख्खे भाऊ, ‘असू द्या’ म्हणजे काय ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यानंतर तिने हेडफोनची वायर नीट गुंडाळून खणात ठेवली, ते मला बघवलं नाही. मला फार वाईट वाटलं, मेहुणेबुवा. चौतीस वर्षांत माझ्या भांडारामुळे कारखान्यातलं एक मशीन एक पाळीसुद्धा बंद राहिलं नव्हतं, आणि घरात एकच मशीन होतं ते मी बंद पाडून दाखवलं. कारखान्यातले लोक मला मागे काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं, मी मनावर घेतलं नाही. पण हिने एकदा मागितलं आणि मला देता आलं नाही, हे मला लागलं आहे.

असो. बाकी सर्व क्षेम. रोज सकाळी दुकानं उघडायच्या आत बाहेर पडतो, आजवर अकरा दुकानं झाली, अजून सात बाकी आहेत. पत्र लांबलं, रागावू नये. वहिनींना नमस्कार, आणि छापखान्याच्या मशीनवरची फुलं काढली नसतील तर काढावीत, आत जातात.

आपला,
दाजी

ता. क. पत्र मुख्यतः खुशाली कळवण्यासाठी लिहिलं आहे. तथापि तुम्ही स्वतः कॉम्प्युटर जुळवता, तुमच्या माळ्यावर सुट्या भागांची खोकी असतात असं ऐकून आहे. त्यात या प्रोसेसरला चालेल असा मदरबोर्ड असल्यास शनिवारपर्यंत उसना मिळावा, ही विनंती. प्रोसेसरच्या डब्याचं झाकण सोबत जोडलं आहे, त्यावर सगळं छापलेलं आहे. बदल्यात जमा करायला माझ्याकडे जुना काही नाही, तरी ती अट या एका प्रकरणी शिथिल करावी. आयुष्यात प्रथमच असं लिहितो आहे.

ता. क. २. मागणी तुमच्या ताईची असल्याने खाली तिची सही लागेल, म्हणून हे पत्र तिच्याकडे पाठवत आहे, ती सही करून टपालपेटीत टाकेल. मजकूर ती वाचणार नाही. सहाही मागणीपत्रांवरचे माझे शेरे न वाचताच तिने खाली सही केली होती.

ता. क. ३. छोट्या, मी ताई. सही वर केलेली नाही, मुद्दाम. रविवारी साडेतीनला मी तुझ्याकडे येते आणि तुझ्या मशीनवर खेळते. कॅप्टनला कळवलंय, तो हो म्हणालाय. त्या दंतवैद्याचं तोंड मला बघायचंय. बोर्ड तुझ्याकडे आहे, मला माहीत आहे, माळ्यावर, वरून तिसऱ्या खोक्यात. पाठवू नकोस. अरे, अकरा महिने हा माणूस त्या खुर्चीत बसून मला विचारत होता, आज वार कुठला. मी स्वयंपाकघरात उठून गेले तरी ‘कुठे निघालीस?’ मला भीती वाटायला लागली होती रे. आता सातला दाढी करून, खिशाला पेन लावून निघतात, दुपारी घामेजून येतात आणि दोन वेळा पोटभर जेवतात. दुकानदारांशी भांडून येतात, आणि मला सगळं रंगवून सांगतात. मी ती मागणीपत्रं तीन-तीन प्रतींत काय हौस म्हणून भरली? भोकं पाडली तेव्हा मात्र ड्रिल हिसकावून घ्यावंसं वाटलं, ते खोटं नाही सांगत. पण कॉम्प्युटर काय, होईल महिन्याभराने. त्यांना पत्र लिही, शोधतोय म्हणून. तुला अगदीच राहवलं नाही तर एखादा न बसणारा बोर्ड पाठव. आणि सोबत पावती घालू नकोस, ती मिळवण्यात त्यांचा आणखी एक आठवडा छान जाईल.