मी इथे नाही असं समजा

३ मार्च, सकाळ
पीएच.डी.चं आठवं वर्ष. विषय: मोबाईल आणि घरातला संवाद. शेवटचं प्रकरण १५ तारखेपर्यंत दिलं नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी गेली की कॉलेजातली हंगामी नोकरीही गेली. गाईड मॅडमनी स्पष्टच सांगितलंय. घाबरायचं काय त्यात? बारा दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. आजपासून फोनची सगळी नोटिफिकेशन्स बंद. एकाग्रता!

३ मार्च, संध्याकाळ
एकाग्रतेवरचे व्हिडिओ पाहिले. दिवस त्यातच गेला. तो अभ्यासच धरायचा.

५ मार्च
प्रकरणाला प्रत्यक्ष निरीक्षण हवं. लांब कशाला जा, घर आहेच. बायको, मुलगी, बाबा. जेवताना टेबलाच्या कोपऱ्याला वही घेऊन बसणार. निरीक्षकाने मध्ये तोंड घालायचं नसतं. सगळ्यांना बजावलं, मी इथे नाही असं समजा. बायको म्हणाली, त्यात नवीन काय? तिला संशोधनातलं कळत नाही.

७ मार्च
निरीक्षण झकास. बाबा फोनवर, मुलगी फोनवर. बायकोने विचारलं, भाजी कशी झालीय? सगळे ढिम्म. भाजी छान होती, पण नियम म्हणजे नियम.
प्रकरणाचं शीर्षक टाईप केलं. फॉन्ट आवडेना. बदलला.

८ मार्च
घबाड! बायको जेवताना काहीतरी दोनदा बोलली, दुसऱ्यांदा तर ओरडूनच. आणि अख्ख्या टेबलावर उत्तर द्यायला एक माणूस नाही! किती तुटलेत हे लोक एकमेकांपासून. नोंद केली: प्रतिसाद शून्य. काय बोलली ते टिपलं नाही. मजकूर हा आपला विषयच नाही.

११ मार्च
लिखाण उद्यापासून, नक्की. आज 'फोनपासून लांब कसं राहावं' यावर रील टाकलं. दिवसभर लाईक बघत बसलो. तिघांना आवडलं. त्यातला एक मी.

१४ मार्च, सकाळ
एक पान नाही. मॅडमचे पाय धरावेत म्हणून मेसेज उघडले, तर त्यांचेच मेसेज रांगेने पडलेले. समितीची बैठक अलीकडे आलीय. प्रकरण १० तारखेलाच हवं. असेल तेवढं पाठवा, मी सांभाळून घेते. शेवटचा मेसेज: नोंदणी रद्द झाली, माझा नाइलाज आहे.
संपलं. आठ वर्षं पाण्यात.
बायकोवर उखडलो. मी फोन बघत नव्हतो हे ठीक, पण मॅडमनी तुला तरी कळवायचं! ती म्हणाली, कळवलं होतं की, आठ तारखेला. मी जेवताना दोनदा सांगितलं. तू लिहूनही घेतलंस.

१४ मार्च, रात्र
जेवायला गेलो. टेबलावर ताटं तीनच. म्हटलं, मलाही वाढा. दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा तर ओरडूनच. कुणीच मान वर केली नाही.