फुली मारलेला ठोका

१७ जानेवारी १९९४

प्रिय दत्ता,

सोळा वर्षांनी अक्षर ओळखलंस का? तुझी तिन्ही पत्रं न फोडता परत पाठवणारा सूर्यभान तो मीच. उगाच पोस्टमनला शिव्या दिल्या असशील.

मी हल्ली रेडिओ दुर्बिणीवर काम करतो. तिला डोळा लावायचा नसतो, ती भर दुपारीही चालते. आकाशगंगेच्या पट्ट्यात पल्सार शोधायचे, म्हणजे मेलेले, गरगर फिरणारे तारे. दर फेऱ्याला त्यांचा एक ठोका कागदावर उमटतो. पण त्या पट्ट्यात गलका पूर्ण्याच्या बाजारासारखा. गेल्या साली असाच एक ठोका मला शेजारच्या मळ्यातल्या मोटारीचा वाटला आणि मी फुली मारून मोकळा झालो. पुन्हा तपासायचा आमचा नियम मीच मोडला. सोबतच्या पोरीनं तपासलं, तर पल्सार खराच होता. ती अजून चिडवते. मला काही हसू येत नाही.

परवा विद्यापीठाचं नामांतर एकदाचं झालं. बातमी ऐकायला आई हवी होती. ती दिवाळीत गेली रे. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात याच नामांतरावरून गावानं आमची वस्ती पेटवली, तेव्हा मी चुडाव्याच्या स्टेशनावरून पळत आलो आणि जमावात तू दिसलास. हातात काही होतं की नव्हतं, खरंच आठवत नाही. ज्याच्या सायकलवर बसून कॉलेजची गाडी गाठायचो, तो त्या गर्दीत! फार लागलं, दत्ता. अजून लागतं. घरात तुझं नाव निघालं की मी ताटावरून उठायचो, म्हणून आईही गप्प राहिली.

जाण्याआधी मात्र बोलली. पुढचं दार पेटलेलं, मागच्या दाराला कुणी बाहेरून कडी घातलेली, आत ती एकटी. मग कडी निघाली. म्हणाली, "धुरात त्वांड दिसलं न्हाई, पर मावशी म्हून हाक मारली, लय दबकत. त्या गावातून मला मावशी म्हननारं एकच पोरगं व्हतं. त्याला इचार."

म्हणून विचारतोय. कडी तू काढलीस का? नसशील काढली, तर तसं सरळ लिही. आणि काढली असशील, तर घालणाऱ्यांत उभा का होतास, तेही लिही.

तुझाच म्हणावं की नाही, हे तुझ्या उत्तरावर,
सूर्यभान